दूध सोडलेला दिगंबर

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी दिगंबरने दूध सोडले.

कचेरीत पेढे वाटत होते. दिगंबरने पेढा हातात घेतला, पाहिला आणि शेजारच्या टेबलावर माझ्या बशीत ठेवला. मी तो खाल्ला. त्याच्या व्रताशी माझा पहिला संबंध असा आला आणि पुढेही तो साधारण याच पातळीवर राहिला.

आम्ही दोघे नव्या जिल्ह्याचे नवे कारकून. तो नांदेडकडचा, उमरीजवळच्या खेड्यातला. आमच्या खोल्या एकाच बोळात, भिंतीला भिंत लावून. मी सतत काहीतरी वाचत असे म्हणून तो मला पंडित म्हणायचा. आठवडाभरापूर्वीच मी त्याला निसर्गोपचाराचे एक पुस्तक दिले होते. त्यात दुधाविरुद्ध दीड पान होते. पुस्तकातले तेवढेच मी वाचले होते.

दिगंबरने दूध का सोडले, याबद्दल कचेरीत तीन मते होती. एक, त्याच्या पोटात वायू धरतो. दोन, त्याला कुठल्या तरी महाराजांचा नाद लागला आहे. तिसरे मत माझे होते, की हे माझ्यामुळे घडले. मी ते खानावळीत सांगितले, कटिंगच्या दुकानात सांगितले. त्याने ते पुस्तक उघडलेही नव्हते हे मला फार उशिरा कळले.

दुधामागून दही, ताक, तूप गेले. मग मध. मग चामड्याची चप्पल. रबरी स्लीपर घालून तो साहेबांपुढे उभा राहिला, तेव्हा साहेबांनी पायाला काय लागले म्हणून काळजीने विचारले. कुणीही विचारले तरी त्याचे उत्तर एकच, "ज्याचं हाय त्याला राहू द्या." हे वाक्य त्याच्या अंगात इतके भिनले की दुसऱ्या टेबलाची फाइल चुकून आली तरी तो तिला हात लावत नसे. एसटीत सीटवर कुणाचा रुमाल पडलेला असला, तर उदगीरपर्यंत उभा जाई. रुमालाचा मालक बहुधा मागच्याच गावी उतरलेला असे.

त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तिथे दुधाचा चहा आला. त्याने हात जोडले. "आमच्या घरचं पाणी तरी चालतंय का?" मुलीच्या वडिलांनी विचारले. पाणी तो तांब्याभर प्यायला, पण सोयरीक तिथेच संपली. अपमान नको म्हणून त्याचा चहा मी प्यायलो.

मीही नऊ दिवस दूध सोडले होते. दहाव्या दिवशी खानावळीत धपाट्यांवर दही घेऊन बसलो असताना तो दारात दिसला. हे औषध म्हणून घेतोय, असे मी सांगितले. त्याने दह्यात मीठ कमी असेल म्हणून मिठाची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली.

एकदा त्याची आई आली. गयामावशी. म्हैस व्याली म्हणून डबाभर खरवस घेऊन एसटीने आली होती. दिगंबरने तिच्या पाया पडून डबा घेतला आणि न उघडता माझ्याकडे दिला. संध्याकाळी तो पाणी भरायला गेला, तेव्हा तिने मला हळूच विचारले, "पोरगं माझ्यावर रुसलंय का रे बाबा? माझ्या हातचं खाऊन नाही राहिलं."

हे तिने त्याला विचारायला हवे होते. पण उत्तर द्यायला मी हजर होतो आणि दीड पान मला पाठ होते. दूध वासराचे असते, ते काढून घेणे ही चोरी, असे मी तिला सावकाश समजावले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हंजी मला चोर समजतंय," ती म्हणाली आणि सकाळच्या पहिल्या गाडीने गेली. तिला पटले, असे मला वाटले.

ती पुन्हा लातूरला आली नाही. दिवाळीला गावी जाऊन आला की दिगंबर म्हणे, "आई नीट बोलून नाही राहिली, पंडित." आपण काय करून बसलो ते कळायला मला दोन वर्षे लागली. माझी वाचनाची गती चांगली आहे.

मग दुष्काळ आला. दूध मिळेना, कँटीनमध्ये कोरा चहा सुरू झाला आणि सगळी कचेरी नाइलाजाने त्याच्या पंथात आली. लोक त्याला महाराज म्हणू लागले. त्याला हसू येत नसे. रोज सुट्टी झाली की तो चारा-छावणीतल्या म्हशी बघायला जायचा. तिथेच एकदा, मी मावशीला काय समजावले होते ते त्याला सगळे सांगितले. त्याने समोरच्या म्हशीपुढे कडब्याची पेंढी सरकवली. मग म्हणाला, "उद्या गावी चल."

मावशी चुलीपाशी होती. तो उंबऱ्यातच बसला.

"आई, ह्याला काय कळतंय. मी तुला चोर न्हाई समजत."

"मग बहात्तर सालचं मनात धरलंस," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून सांगू लागली. त्या दुष्काळात म्हशीचे रेडकू मेले. रेडकू नाही, तर म्हैस पान्हा सोडीना. घरात दिगंबरची तीन महिन्यांची बहीण होती आणि मावशीचे स्वतःचे दूध आटले होते. तेव्हा रेडकाचे कातडे काढून त्यात चिंध्या भरल्या, कारण भरायला कडबाही नव्हता. सकाळ-संध्याकाळ धार काढताना ते म्हशीपुढे धरायचे काम दिगंबरचे. तो बारा वर्षांचा होता.

"तुझा राग न्हाई गं," दिगंबर म्हणाला. "म्हैस त्याला चाटायची. चाटता चाटता माझ्याकडं बघायची. मी धरून उभा."

"पोरगी जगली," मावशी म्हणाली.

"हाव. जगली. म्हणून तुझ्या घरी होतो तोवर पीत राहिलो. नोकरी लागली, खोली केली, मग सोडलं."

मावशीने तीन कप कोरा चहा केला. कोनाड्यात वाटीभर दूध झाकून ठेवलेले मला दिसत होते. मी मागितले नाही. माझ्या नावावर एवढाच त्याग आहे. तिने आधी दिगंबरला कप दिला आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहिली.

मावशी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. दिगंबर मागच्या वर्षी गेला. त्याने लग्न केले नव्हते. त्याची खोली मी आणि त्याच्या बहिणीने आवरली. ती निलंग्याला असते, आता तिला नातवंडे आहेत. तिला यातले काही माहीत नाही. त्याने सांगितले नव्हते, मीही सांगितलेले नाही. मी तिच्याकडे गेलो की ती दुधाचा चहा करते आणि मी तो पितो.