बेटावरचा होकार

"चौकट मोटारीला जुळेल ना?" लिफ्टचे दरवाजे बनवणाऱ्या कंपनीच्या मॅनेजरने स्क्रीनवर विचारलं.

"हो," बेटावरच्या ऑफिसातले वयस्कर इंजिनिअर अदबीने म्हणाले.

चौकट बेटावर आखली जायची आणि मोटार थंडीच्या देशात. दोन्ही आणून जोडली, तर दरवाजा चार बोटं उघडाच! महिनाअखेर एका रुग्णालयाला लिफ्टचा दरवाजा द्यायचा होता.

"अहो, तुम्ही हो म्हणाला होतात!"

"तुमचा प्रश्न ऐकला, म्हणून हो म्हणालो."

मॅनेजरने कपाळावर हात मारून घेतला. घरी बायको म्हणाली, "आडवळणं कशाला? स्पष्ट लिहा." ती मुख्याध्यापिका होती, तिचं तसं निभत असे. त्याने लिहिलं, 'चूक तुमची आहे.' दुसऱ्या दिवशी इंजिनिअरांचा राजीनामा आला. पाठोपाठ त्यांच्या हाताखालच्या अकरा जणांचे. वरिष्ठ गेल्यावर आपण बसून राहणं बरं दिसत नाही, एवढंच कारण.

घाबरून त्याने माफी मागितली. पण साहेब माफी मागतात म्हणजे कंपनी बुडाली, असा अर्थ बेटावर काढला गेला. उरलेले सात जण टेबलं आवरू लागले.

तोंड पोळल्यामुळे थंडीच्या देशाला त्याने फुंकून फुंकून लिहिलं, 'काम तसं छानच आहे. जमलं तर मोटारीवर एकदा नजर टाकाल का?' तिथल्या प्रमुख बाईंना काही ते जमलं नाही. काम छान झालं म्हणून त्यांनी सगळ्यांना चार दिवस सुट्टी मात्र दिली.

"मोटार कधी दुरुस्त करणार?" त्याने फोनवर विचारलं.

"बिघडलीय?"

"पत्रात तेच तर लिहिलं होतं!"

"नाही. तुम्ही छान म्हणालात. खोटं का लिहिलंत?"

बाईंनी फोन ठेवला आणि सरळ बेटावर लावला.

त्या रात्री तो ताटातली भाजी नुसती चिवडत होता. "भाजी कशी झालीय?" बायकोने विचारलं.

"छान."

"खरंच छान, की थंडीच्या देशातलं छान?"

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोने ताट उचललं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

सोमवारी दोन्ही ऑफिसांचं मिळून एक पत्र थेट मोठ्या साहेबांकडे गेलं. पहिलं पान बेटाचं: 'मॅनेजरसाहेबांच्या प्रकृतीची फार काळजी वाटते.' दुसरं पान थंडीच्या देशाचं: 'हा माणूस या कामाला नालायक आहे.' तिसऱ्या पानावर दरवाजाचं नवं, दोघांनी मिळून काढलेलं ड्रॉइंग. त्यात फट केसाएवढीही नव्हती. खाली सगळ्यांच्या सह्या, राजीनामा दिलेल्यांच्यासुद्धा.

मोठ्या साहेबांनी बोलावलं, तेव्हा तो राजीनामा लिहूनच गेला. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटत होतं.

"दोन देश, आणि पहिल्यांदाच एक मत!" साहेब खुर्चीतून उठले. "कसं जमवलंत हो?"

"साहेब, ते मत माझ्याविरुद्ध आहे."

"असेना! आणखी तीन देशांत अशीच भांडणं चाललीयत. उद्यापासून तीही ऑफिसं तुमच्याकडे."

त्याने राजीनामा पुढे केला. साहेबांनी कागद पालथा केला, कोऱ्या बाजूवर तीन देशांची नावं लिहिली आणि त्याच्या हातात परत दिला.