दयासागर खात्याच्या दुधाची हकीकत

श्री पाळण्यातील बाळकृष्ण समर्थ. ऐकणारांचे घरी दुधास बरकत असो, आणि निजलेली लेकरे हकीकत संपेतोवर निजोन राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे वर्तमान जाहले ते ऐसे जे, एक राज्य होते. त्याचे नाव काय, सीमा कोठवर, हे सांगावयाचे प्रयोजन नाही. राज्यात डोंगराचे पायथ्यासी खडीची खाण होती, आणि तेथे बाया दगड फोडीत, आणि त्यांची रांगती लेकरे पत्र्याचे पाळणाघरी राहत. ती पाहोन थोर आबासाहेब धारराव यांचे डोळा पाणी आले, आणि या लेकरांस रोज वाटीभर दूध मिळावे म्हणोन त्यांनी दयासागर नामे धर्मादाय खाते उभारिले. खजिना गणोपंत फडणीस यांचे हवाली केला, मग विद्यार्थीजनांस आज्ञा जाहली की, घरोघर फिरोन वर्गणी आणावी. त्या फौजेत कमळजा लोणकर म्हणोन एक मुलगी होती. वाणिज्यविद्येचे तिसरे वर्ष, अंगाने किरकोळ, जिभेची गोड, आणि जमेसमोर खर्च मांडिल्याविना चैन न पडे ऐसा स्वभाव. तिने आपली चिंचेची आळी सर केली आणि एकही घर रिते सोडिले नाही.

आळीत साळूवहिनी राहत. भ्रतार रिक्षा हाकीत, पदरी तीन वर्षांची छबी. हाती पैसा नाही, मन मात्र मोठे. सबब वहिनींनी छबीचा रतीब निम्मा केला आणि उरला पैसा दरमहा कमळजेचे हाती ठेविला आणि पुसिले, "पोचतंय ना गं कमळे?" कमळजेने सांगितले, "पोचतंय वहिनी. माझा शब्द." ऐसे वर्ष गेले. मग एके सकाळी वहिनी केर काढता काढता सहज बोलिल्या, "अगं, ही बया वाटी चाटत बसते. मी सांगते, तुझं दूध खाणीवरच्या बाळाला दिलंय. तर आज म्हणते, ते बाळ मोठं झालं का? आता मी काय सांगू?" वहिनींचे मनी संशय तिळमात्र नव्हता. परंतु कमळजा तैसीच घरी परतली, का की, शब्द तिने दिला होता आणि डोळ्यांनी काही पाहिले नव्हते.

तिने खात्याचा वार्षिक अहवाल काढिला. गुळगुळीत कागद, पानोपानी हसरी मुले, आबासाहेबांच्या सतरा तसबिरी, आकडा मात्र औषधालाही नाही. मग स्वारी फडणिसांचे कचेरीस गेली आणि म्हणाली, "पंत, जमाखर्च पाहू." पंत बहुत आनंदले. "पाहा की! बसा. चहा सांगू?"
"चहा नको. जमाखर्च."
"हिशेब इतका चोख आहे, ताई, की दाखवायची कधी वेळच आली नाही."
"मग आज दाखवा."
"आज किल्ली घरी राहिली."
दुसरे खेपेस पंत लग्नास गेले होते, तिसरे खेपेस हिशेब तपासणीस गेला होता, आणि दर खेपेस चहा मात्र हजर. कमळजेच्या तळपायाची आग मस्तकी गेली. ती जिन्यात बसोन रडली, मग नाक पुसोन वरती गेली आणि पुन्हा तेच पुसिले. तेव्हां पंतांनी प्रेमाने तिचे नाव लिहोन घेतले.

त्या खात्यात एक रीत पडली होती. दात्यांचे सत्कार तर होतच, शिवाय जो कोणी हिशेब पुसे, त्याचेही ठायी खात्याविषयी आस्था आहे ऐसे जाणोन त्याचा सत्कार करीत. मागे पोस्टमास्तरांनी पुसिले, त्यांस शाल मिळाली. डॉक्टरांनी पुसिले, त्यांस शाल व समितीची खुर्ची मिळाली, आणि पुढे दोघांनीही काही पुसिले नाही. तैसेच आता जाहले. मांडव उभा राहिला, सनई लागली, आबासाहेबांनी आपुले हाते कमळजेस शाल पांघरिली, आणि पेढ्यांचे तबक पुढे आले. कमळजेने पेढा हाती घेतला, तोंडाशी नेला, आणि थांबली.

"पंत, हे पेढे कशातून?"
"खात्यातूनच!" पंत अभिमानाने बोलिले. "मांडव, शाली, सनई, सगळं. वरखर्चाला आम्ही कुणापुढे हात पसरत नाही."
"आणि दूध?"
"सत्कार उरकले की उरेल त्यातून आधी दूधच! पण दाते एकेक सोन्यासारखे, वगळायचं कोणाला? यंदा काही उरलं नाही. गेल्या वर्षीही ओढाताणच होती."

ऐसे निष्पन्न जाहले की, खात्यात चोर कोणी नव्हता. एकाही माणसाने दमडी खाल्ली नव्हती. सर्वांनी मिळोन पेढे खाल्ले होते. कमळजा शांतपणे म्हणाली, "आबासाहेब, मग एवढंच छापा. पेढे इतक्याचे, शाली इतक्याच्या, दूध काही नाही." आबासाहेब कळवळोन बोलिले, "अहो, असं छापलं तर लोक पैसे देतील का?" आणि आपुले बोलणे आपुल्याच कानी पडोन त्यांनी मान खाली घातली. तो मागोन डॉक्टर ओरडिले, "ताईंना समितीवर घ्या!" टाळ्या पडिल्या. कमळजेने पेढा तबकात आणि शाल खुर्चीवर ठेविली, आणि ती निघाली.

सभेत बोलणे सोपे, वहिनींचे दारी बोलणे कठीण. कमळजा उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, पोचलं नाही. मी न बघता शब्द दिला." वहिनी छबीची वेणी घालीत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाणिज्य शिकतेस ना गं तू?"
"हो."
"शिक बाई, नीट शिक. आणि उद्या सकाळी चप्पल घालून ये. ती खाण आहे तरी कुठं, बघू."

दुसरे दिवशी दूध घेऊन तिघी खाणीवर गेल्या. पाळणाघरात भिवा नामे दोन वर्षांचा गडी होता. त्यास वाटी दिली, तो त्याने एक घोट घेतला आणि सारे थुंकोन दिले. सांभाळणारी बाई ओशाळोन म्हणाली, "त्याला सवय नाही हो. कोऱ्या चहात पाव बुडवून खातो. दूध पाहिलंय कुठं त्यानं?" दोन वर्षांचा जमाखर्च तो हाच, कमळजेच्या ओढणीवर सांडलेला. परंतु वहिनी लेकुरवाळ्या, त्या डगमगल्या नाहीत. भिव्यास मांडीवर घेतले, कोऱ्या चहात चमचाभर दूध घातले, "हा बघ तुझाच चहा," म्हणोन पाजिले. तो प्यायला. दुसरे दिवशी दोन चमचे. मग चहा रोज थोडा कमी आणि दूध रोज थोडे जास्ती, भिव्यास कळो न देता. पौष सरला तेव्हां वाटी पांढरी जाहली होती, आणि भिवा ती रिकामी करोन आणखी मागत होता.

येणेप्रमाणे हकीकत. दयासागर खाते चालले आहे, आबासाहेब सत्कारांस पूर्वीसारखे जात नाहीत, आणि हिशेब छापखान्यात आहे ऐसे पंत सांगतात. कमळजा दर सोमवारी पुसावयास जाते, चहा घेत नाही. आळीची वर्गणी आता थेट गवळ्यास पोचते, आणि पाळी असेल त्या घरची बाई खाणीवर जाऊन आपुले हाते वाट्या भरते. छबीचा निम्मा रतीब पुन्हा पुरता जाहला. लेखनसीमा.