क्वार्टरची किल्ली

त्या दिवशी शेंगदाणे संपल्यावर पुडीचा कागद फेकायचा नाही, वाचायचा, असं मी ठरवलं. माझा गुन्हा एवढाच. पुढचं सगळं त्या कागदानं केलं.

माधवनगरच्या एका गिरणीत मी टपाल-कारकून. आलेली पत्रं फोडायची, खरी असतील ती साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि 'एक कार्ड टाका, घड्याळ मिळवा' असली टोपलीत टाकायची. फसवी पत्रं मी नुसत्या वासावरून ओळखतो अशी गिरणीत ख्याती होती. (ती मीच पसरवली होती.)

लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको बनुबाई कवठे महांकाळला माझ्या आईजवळ, आणि मी इथं एका खोलीत पाच जणांबरोबर. लढाई सुरू होती, जागा मिळत नव्हती. महिन्यातून एकदा गावी जायचो, तेव्हा आई इतकं बोलायची की बनुबाईचा आवाज ऐकायचा राहूनच जायचा. मला फार काही नको होतं. सकाळी तिच्या बांगड्यांच्या आवाजानं जाग यावी, खोलीतल्या जोतिबाच्या खोकल्यानं नको, इतकंच.

कागदावर छापलं होतं: 'साताऱ्यास मॅनेजर पाहिजे. अनुभवाची जरूर नाही. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं परस. सहकुटुंब राहावं लागेल.'

पगाराचा आकडा मी वाचलाच नाही. 'राहावं लागेल'! म्हणजे चक्क सक्ती! लगेच अर्ज टाकला. आठव्या दिवशी उत्तर हजर. आपली निवड झाली आहे, गुप्तता पाळावी, क्वार्टरची किल्ली व्ही.पी.नं पाठवत आहोत, डिपॉझिट भरून सोडवून घ्यावी.

पोस्टमन दस्तगीर पार्सल हातात घट्ट धरून उभा राहिला. "नानासो, मुलाखत झाली?"

"न्हाई."

"सायबाचं नाव काय?"

"मॅनेजिंग डायरेक्टर."

"ते नाव न्हवं गड्या, ते काम झालं. पैसं भरल्याबिगर व्ही.पी. फोडता येत न्हाई, आन् फोडल्यावर पैसं माघारी येत न्हाईत. इचार कर."

"दस्तगीर, तुजी बायको तुज्या घरात हाय. तुला काय कळनार?"

त्यानं पार्सल पुढं केलं. मी डिपॉझिट भरलं. आत खरोखरच पितळेची किल्ली होती. (आता किल्ली खरी म्हटल्यावर क्वार्टर खोटं कसं असेल?)

गुप्तता पाळायची म्हणून गिरणीत नुसती रजा टाकली आणि 'संसार घेऊन मिरजेला ये,' असं बनुबाईला कळवलं. ती जातं, काथवट, तवा आणि पाटीत झाकलेली कोंबडी घेऊन उतरली. साताऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून हळूहळू विचारू लागली.

"परसात शेवगा आसंल?"

"आसंल की."

"चूल उगवतीच्या अंगाला मांडू?"

"मांड की."

तीन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. सातारा रोड स्टेशन येऊच नये असं मला वाटत होतं. (गाडीनं नेमकी त्याच दिवशी वेळ पाळली.)

साताऱ्यात पत्ता विचारत विचारत गावाबाहेर पोचलो. त्या पत्त्यावर कोंडवाडा निघाला. आत दोन म्हशी आणि एक खोंड, बाहेर तीन गृहस्थ. तिघांच्याही हातात पितळेची किल्ली.

"तुमी बी मॅनेजर का?" राखणदार अर्जुना म्हणाला. "बसा. ह्या म्हयन्यात लय मॅनेजर आले."

तरीही मी किल्ली कोंडवाड्याच्या कुलपाला लावून पाहिलीच.

"आवं, आत जाऊन बसाल, पर दंड भरून सोडवाया तुमचा मालक कोन येनार?" अर्जुना म्हणाला.

बनुबाईनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "आवं, मला बगाया आला तवा तुमच्या मामानं मला चालून दावाया लावलं, भाकरी थापून घेतली, आमच्या म्हशी सुदीक मोजल्या. आन् ह्या लोकांनी मॅनेजर करताना तुमचं तोंड बी बगितलं न्हाई? ज्यानं न बगताच पसंत केलं, त्याच्यात कायतरी खोट आसनारच की!" मग जरा थांबून म्हणाली, "बगितलं आसतं तर घेतलंच नसतं म्हना."

मला हसू आलं नाही. "बने, मला तू जवळ पायजे हुतीस," मी म्हटलं. "त्याच्यापुढं मला दुसरं काय दिसलंच न्हाई."

ती तोंड फिरवून बसली. थोड्या वेळानं पदरानं डोळे पुसून उठली, तीन धोंडे मांडले, काटक्या गोळा केल्या आणि भाकरी थापल्या. तिघा मॅनेजरांनाही एकेक दिली. मी कोंडवाड्याच्या भिंतीला टेकून खात होतो आणि ती समोर बसून मला बघत होती. मध्ये आई नव्हती, जोतिबा नव्हता. आमचा संसार तासाभराचाच झाला, पण तसलं सुख मला त्याआधी मिळालं नव्हतं.

परतताना मिरजेला ती कवठ्याच्या गाडीत चढेना. "मी माधवनगरला येनार. आन् काम माजं मीच बगनार." दुसऱ्या दिवशी ती थेट गिरणीच्या मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडून सुताच्या कांड्या भरून घेतल्या, गाव-घर विचारलं आणि मगच कामावर घेतलं. डिपॉझिट वगैरे काही नाही. राहायला जागाही मिळाली. ती बायकांच्या चाळीत, चौघींत एक खोली. तिथं पुरुषमाणसाला मज्जाव.

आता माझी बायको माझ्यापासून दोनशे पावलांवर राहते. दर रविवारी दुपारी मी इस्त्रीचा सदरा घालून चाळीच्या फाटकाशी जातो. फाटकावरची अंबूबाई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारते:

"बनू, तुजा पाव्हना आलाय गं! आत्ता येतीस, का म्होरल्या आयतवारी यायला सांगू?"