टेकडीची हजेरी

सोमवारी सकाळी अकरा वाजता कुलसचिवांच्या दालनात, विद्यापीठामागच्या टेकडीची पीएचडीची नोंदणी रद्द करण्यासाठी बैठक भरली. टेकडी रीतसर प्रवेश परीक्षा देऊन दाखल झाली होती. तिचा विषय होता 'शलाका नाईकवडी : रचना, झीज आणि भेगा'.

शलाका भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध याच टेकडीवर. दोघींचे प्रबंध एकमेकींवर असल्याने ज्येष्ठतेनुसार टेकडीचा आधी घ्यायचा, असं ठरलं होतं. टेकडीचं वय साडेसहा कोटी वर्षं, त्यामुळे हरकत आली नाही. शलाकाचा प्रबंध मात्र लिहून पडून होता आणि तिची मुदत शुक्रवारी संपत होती.

"हजेरी पंचाहत्तर टक्के लागते," कुलसचिव बारटक्के म्हणाले. "टेकडी साठ टक्केच उरलीय. बाकीची गैरहजर."

"गैरहजर? खाणवाल्यांनी सुरुंग लावून नेलं तिला!" शलाका म्हणाली.

"रजेचा अर्ज नाही."

दोघींचे मार्गदर्शक डॉ. मिसाळ शलाकाच्या कानाशी लागले. "गप्प बस गं. टेकडी बाद झाली की तुझा प्रबंध आजच घेतो. आईला फोन लाव, डॉक्टर झाले म्हणून."

"आणि हिचं काय, सर?"

"तिला कसली घाई? पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईल."

"पुढच्या वर्षी मी असेन का," टेकडी खिडकीबाहेरून म्हणाली, "तेवढं खाणवाल्यांना विचारून घ्या."

शलाका उठली, पिशवीतून हातोडा काढला आणि बाहेर जाऊन इमारतीच्या पायरीचा टवका उडवला.

"अहो बाई, सरकारी पायरी आहे ती!" बारटक्के धावत आले.

"टेकडी आहे ती," टवक्याला भिंग लावत शलाका म्हणाली. "माझ्या तिसऱ्या प्रकरणातला थर. लिहा हजर."

मग तिने रस्त्याची खडी तपासली, कुंपण तपासलं, वसतिगृहाचा पाया तपासला. टेकडीच्या झुडपांवर संशोधन करणारा वनस्पतिशास्त्राचा इम्तियाज आणि खाणीच्या हिशेबावर प्रबंध लिहिणारी अर्थशास्त्राची प्रज्वला मोजणीला आले.

"सर, जरा खुर्ची सरकवता?" इम्तियाज बारटक्क्यांना म्हणाला. "तुमच्या फरशीखाली आमची एक विद्यार्थिनी बसलीय."

संध्याकाळपर्यंत हजेरी एक्याऐंशी टक्के भरली. गैरहजर म्हणून दाखवलेल्यातला निम्मा भाग वर्षभर रोज विद्यापीठात हजर होता, सुटीच्या दिवशीसुद्धा.

टेकडीने शनिवारी प्रबंध सादर केला आणि तिला पदवी मिळाली. शलाकाची मुदत शुक्रवारीच संपली होती. तिने पहिल्या वर्षापासून पुन्हा नोंदणी केली आणि मार्गदर्शक म्हणून टेकडीचं नाव दिलं. ते मंजूर झालं. पहिल्या भेटीची वेळही ठरली. ती दुपारच्या सुरुंगाच्या आधीची ठेवावी लागली.

नोंदणी झालेल्या विद्यार्थिनीची खडी करून ती तिच्याच विद्यापीठाला विकण्याची परवानगी कुणी दिली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.