मेंढरांच्या सदरात टाकलेला कडा

डोंगर पडण्याआधी थोडा हलतो, आणि हलण्याआधी कुणाची परवानगी घेत नाही, हा निसर्गातला जुना दोष आहे. तो दूर करण्यासाठी माण तालुक्यातल्या विश्वजित मालकांनी आपल्या दगडखाणीत रडार बसवलं. खाणीच्या पलीकडच्या अंगाला बसून ते समोरच्या उभ्या कड्याकडे टक लावून बघे. कडा केसभर सरकला तरी भोंगा वाजे.

देखरेखीला लालासाहेब होते. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. भोंगा वाजला की खाण रिकामी करायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती इतक्यांदा रिकामी केली की कामगारांची तब्येत सुधारली (खडीच्या उत्पादनाची मात्र नाही).

शोध घेतल्यावर कारण सापडलं. नाथाजी धनगराची मेंढरं माथ्यावर चरायची. ती कड्याच्या टप्प्यांवर उतरली की रडारला कडाच चालतोय असं वाटे. अहवालानुसार कडा सकाळी चरायला निघत होता आणि दिवस मावळता वाड्यावर परतत होता.

तेव्हा इंजिनियर संयोगिताबाईंनी यंत्रात 'मेंढरं' नावाचं बटण दिलं. भोंगा वाजला की कड्याकडे बघायचं, मेंढरं दिसली तर बटण दाबायचं, भोंगा गप्प. पुढं पुढं बघणं हा वेळेचा अपव्यय ठरला. महिन्याभरात खाण शंभर टक्के सुरक्षित झाली (धोका मोजणं बंद झाल्यामुळे हा आकडा अचूक आहे).

दिवाळीनंतर नाथाजी मेंढरं घेऊन कुंडलच्या बाजूला उतरला. भोंगा थांबला नाही, उलट वाढला.

"मालक, मेंढरं तर कुंडलला हायती," लालासाहेब म्हणाले. "मग हितं कोण चालतंय?"

मालकांनी गंभीरपणे विचार केला. "काका, अहवालात मेंढरं हायत आन खाणीत न्हाईत. ही तफावत बरी न्हवं. नाथाजीला माघारी बोलवा."

लालासाहेब मोटरसायकलवरनं कुंडलला गेले. एका तुटलेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली होती. नाथाजीनं निरोप ऐकून घेतला.

"आवं सुभेदार, हितला हिरवा पाला सोडून तिकडं कशापायी न्यायची?"

"कडा सरकतोय."

"आन त्येच्यावर मेंढरं चढवायची व्हय?"

लालासाहेबांनी मोटरसायकलला किक मारली. परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मेंढरांचा धनी मेंढरं द्यायला तयार नव्हता, आणि आपण त्याच कड्याखाली माणसं उभी करून बटण दाबत होतो.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. बोट सवयीनं बटणावर गेलं, पण ते दाबवेना. भोंगा वाजत राहिला. खाली मात्र कुणी हललं नाही. भोंगा म्हणजे मेंढरं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

"दाबा की बटण," खालून गुंडा पोकलेनवाला म्हणाला. "कान किटलं."

मग लालासाहेब स्वतः खाणीत उतरले. शिस्तीत सांगून कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी काठी घेतली आणि "हुर्र, हुर्र" करत एकेकाला मागनं हाकलत वर काढलं. शेवटचा गुंडा, तोही शिव्या देत. तो वर पोचतोय तोवर कडा खाली आला. पोकलेन दगडांखाली गेलं. माणसं वाचली.

चौकशी समिती आली. यंत्र निर्दोष आढळलं, बटण निर्दोष आढळलं. कडा तेवढा बेजबाबदार निघाला. प्रचलित पद्धतीनुसार बटण न दाबल्याबद्दल लालासाहेबांकडे खुलासा मागितला गेला. भविष्यात गोंधळ नको म्हणून 'खरोखर मेंढरं' असं दुसरं बटण द्यावं, अशी शिफारसही झाली.

खुलासा साताऱ्याला समक्ष द्यायचा होता. समितीनं मोठ्या मनानं त्यांना आपल्याच गाडीत पुढं बसवलं. लालासाहेब पट्टा लावायला गेले, तर खाचेत आधीच एक बिनपट्ट्याचा सुटा खटका अडकवलेला.

"काढू नगा त्यो," ड्रायव्हर म्हणाला. "न्हाईतर लय वाजतंय."

मागं बसलेल्या समितीनं मान डोलावली. लालासाहेबांनी खटका काढला आणि पट्टा लावला.

वाचकांपैकी ज्यांच्या गाडीत असा खटका नाही, त्यांनी समितीला खुशाल हसावं. बाकीच्यांनी आधी गाडीत जाऊन यावं.