घरातली चार मतं

क्वार्टरमागची नाली तुंबली सोमवारी, आणि शनिवारी निर्मलाबाईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू. हिंदी मुलखातल्या त्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या पंचवीस मराठी बायका येणार, आणि इथे स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की पदर नाकाला! निर्मलाबाई रडकुंडीला आल्या.

"मेंटेनन्सच्या ऑफिसात रजिस्टरमध्ये तक्रार लिहून आलेय. तुम्ही फक्त एकदा आठवण करून या."

पण अच्युतरावांचा रजिस्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. (कारखान्याच्या स्टोअर्समध्ये चोवीस वर्षं ते स्वतः एक रजिस्टर सांभाळत होते, हे त्याचं कारण.)

"रजिस्टरनं काय होतंय? मी थेट आमदारांना सांगतो, विधायकजींना!"

मतदारसंघाचं राजकारण म्हणजे अच्युतरावांचा हातचा मळ. बाग सेवनिया कुणीकडे झुकणार, साकेत नगर कुणाला पाडणार, हे ते महाराष्ट्र मंडळात बसून दर निवडणुकीला सांगत. एकदा तर बरोबरही आलं होतं.

बुधवारी सकाळी ते विधायकजींच्या बंगल्यावर रांगेत उभे राहिले. नंबर लागल्यावर नाली एका वाक्यात उरकली आणि वर छातीवर हात ठेवून सांगितलं, "हमारे घर के चार वोट पक्के समझिए!" (मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी दहावीत. पण जोशात कोण मोजतं?) सहायकानं क्वार्टर नंबर लिहून घेतला.

शुक्रवारी ड्यूटीवरून घरी येतात तो वास गायब! नाली खळखळ वाहतेय.

"बघितलंस? दोन दिवसांत! याला म्हणतात वजन."

निर्मलाबाई तिळाच्या वड्या थापत होत्या. त्यांनी नुसतं "हं" केलं.

शनिवारी हळदीकुंकू रंगात आलेलं असताना दारात जीप थांबली. विधायकजी स्वतः उतरले, मागे सहायक आणि दहा-बारा कार्यकर्ते. बायका उठून उभ्या राहिल्या. अच्युतरावांना आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं.

"चार वोटवाला घर यही है ना? कहाँ है आपकी नाली?"

"साहब, आपकी कृपा से कल ही साफ हो गई!"

विधायकजींनी सहायकाकडे पाहिलं. सहायक चाचरला. "सर, हमने तो अभी किसी को बोला ही नहीं."

"मेंटेनन्सवाले आए थे, भैया," तिळगुळाचं ताट पुढे करत निर्मलाबाई म्हणाल्या. "मैं गुरुवार को फिर जाकर बोली थी ना."

तेवढ्यात सहायकानं मतदारयादी काढली. "सर, इस क्वार्टर में वोट एक ही है. निर्मला. अच्युत नाम का कोई नहीं."

खोलीत सगळीकडे पदर तोंडाला लागले. खरं होतं ते. नाव चढवायला कुणी आलं की अच्युतराव सांगत, "आम्ही इथे पोस्टिंगवर. मत आपलं गावीच!" आणि गावी जायला निवडणुकीत कधी रजा मिळाली नाही. मतदारसंघाचा हा जाणकार चोवीस वर्षांत एकदाही मत द्यायला गेला नव्हता! अच्युतरावांना त्या क्षणी नालीत उतरावंसं वाटलं, इतकी लाज वाटली.

विधायकजींनी त्यांच्याकडे पाठ करून निर्मलाबाईंना हात जोडले. "बहनजी, हमारे लायक कोई सेवा?"

"इनका नाम चढ़वा दीजिए."

फॉर्म तिथल्या तिथे आला. आता गावच्या यादीतलं नाव कमी करायला हवं, म्हणून रविवारी अच्युतरावांनी वऱ्हाडात चुलतभावाला, मधुकरला, फोन लावला. संध्याकाळी मधुकरचा उलट फोन आला.

"दादा, कमी काय करायचं? दहा वर्षांपूर्वीच काढलंय तुझं नाव."

"का म्हणून?"

"कारण लिहिलंय ना. मयत."

शेजारी निर्मलाबाई कुंकवाचा करंडा पुसून ठेवत होत्या. फोन स्पीकरवर होता.

"अगं बाई! आणि मी दरवर्षी हळदीकुंकू करत बसलेय!"