दुसरा कप कुणीच मागितला नाही

इंग्लंडातल्या दक्षिण डेव्हन परगण्यातल्या तल्लख डोक्यांची यादी करायची वेळ आली, तर पर्सिव्हल गिडली विनयाने दुसऱ्या क्रमांकापासून सुरुवात करत आणि पहिली जागा कोरी सोडत. ज्याला कळायचं त्याला कळावं. नजर घारीची, चाल मांजराची, आणि एकतीस वर्षं सरकारी वजनमापं तपासल्यामुळे समोरच्या माणसाला पारड्यात घालून पाहण्याची सवय. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेरगिरी पत्करली. बिकलकूम गावाने ती पत्करली नव्हती, पण गावाला विचारलं होतं कुणी? चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंची सायकल हरवली तेव्हा गिडलींनी तीन आठवडे तपास करून ती परदेशी हेरांनी पळवल्याचं सिद्ध केलं. चौथ्या आठवड्यात बाईंना आठवलं, सायकल बहिणीकडे राहिली होती. हेर थोडक्यात वाचले.

अशा माणसाला त्या गुरुवारी घरात काम मिळालं ते चहा करण्याचं.

"बाकी सगळं मी केलंय," थोरली बहीण विनिफ्रेड म्हणाली. "तू चहा कर, चहा ओत, आणि तोंड बंद ठेव. तिन्ही जमत नसतील तर तिसरं आधी कर."

विनिफ्रेडचं आज सगळं पणाला लागलं होतं. बावीस वर्षं तिने शाळेतल्या मुलांना उकडलेला कोबी वाढला होता आणि बावीस वर्षं मनातल्या मनात एक चहाघर चालवलं होतं. गावातलं टपाल कार्यालय बंद पडलं, जागा रिकामी झाली. जागेच्या मालकीण लस्कमबाई. त्यांच्याकडे आणखी एक गिऱ्हाईक होतं, मासेमारीचे गळ विकणारं. बाईंनी निरोप धाडला होता: गुरुवारी चारला चहाला येते, उठताना काय ते सांगते.

चारच्या ठोक्याला लस्कमबाई आल्या. बरोबर पाद्री ऑब्री फेन होते. स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे मऊ पाव, भाजले जात असले की त्यांना त्या घरातल्या आत्म्यांची काळजी वाटू लागे. कडा कापलेली काकडीची सँडविचेस, गरम स्कोन, घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा जाम, ओव्याचा केक. मधोमध लोकरीची टोपी घातलेली चहादाणी. कपात आधी दूध, मग चहा, ही गिडली घराण्याची रीत. ओतण्याचा मान गिडलींकडे. पण ओतताना धारेकडे कोण बघतं? ते सामान्य माणसांचं काम. गिडलींची नजर पाहुण्यांच्या बोटांवर होती.

लस्कमबाईंनी घोट घेतला आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

"किती... नाजूक आहे," त्या म्हणाल्या.

"फारच नाजूक," पाद्री म्हणाले. "असा चहा मी कधी प्यायलो नाही."

"पर्सीने केलाय," विनिफ्रेड म्हणाली. तिचा स्वतःचा कप भीतीने पालथाच होता.

"वाटलंच," लस्कमबाई म्हणाल्या.

मग हवेवर बोलणं झालं. मग कालच्या हवेवर. अर्ध्या तासाने गिडलींनी बहिणीला खूण केली आणि चहादाणी उचलून स्वयंपाकघरात गेले. तिथे सिंकच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. ते नळ दुरुस्त करणाऱ्या स्टॅन टॅनकॉकचे होते, म्हणून गिडलींनी ते हिशेबात धरले नाहीत.

"विनी, घरात कट शिजतोय," ते कुजबुजले. "पाद्रीसाहेबांनी आपला कप नेच्याच्या कुंडीत ओतला. मी डोळ्यांनी पाहिलं. पुरावा नष्ट केला!"

"कसला पुरावा?"

"तेच शोधायचंय. दुसरं. ती बाई लस्कम नव्हेच."

"अरे, मी तिला तीस वर्षं ओळखते!"

"तिने स्कोनवर आधी जाम लावला आणि मग साय! नदीपलीकडचे कॉर्नवॉलवाले तसं करतात. डेव्हनचा माणूस मरेल, पण साय आधी लावेल. ती तोतया आहे."

"आणि खरी बाई कुठंय?"

"कॉर्नवॉलमध्ये डांबलेली. तिसरं. साय कुणाकडून आणलीस?"

"पॉकॉककाकूंकडून."

"बघ! दर जत्रेत चहाचा मांडव कुणाचा? तिचा. तुझं चहाघर निघालं तर पोट कुणाचं दुखेल? तिचं! तिने सायीत काहीतरी कालवलंय. विनी, जाळं फार लांबवर पसरलंय."

विनिफ्रेडचं लक्ष जाळ्याकडे नव्हतं. "पर्सी, एकच सांग. दुसरा कप कुणी मागितला?"

"पाहुण्यांपैकी कुणीच नाही."

ती स्टुलावर बसली. बिकलकूममध्ये वाईटाला कुणी वाईट म्हणत नाही. घर जळत असलं तरी 'आज जरा ऊब आहे' म्हणतात. पण दुसरा कप नको म्हटलं की निकाल लागला.

"संपलं," ती म्हणाली. "गळच विकले जाणार तिथे. मला आपलं उगाच वाटायचं, मला जमतं म्हणून."

गिडलींनी खिशातून भिंग काढलं, पुसलं आणि परत ठेवलं. वजनमापांत अशा वेळेला वाक्य नसतं.

तेवढ्यात सिंकखालून स्टॅन बाहेर आला. "झाला नळ, विनीताई. आता टिपूस गळणार नाही."

विनिफ्रेडने डोळे पुसले, सवयीने कपात दूध घातलं, चहादाणी वाकवली आणि कप त्याच्या हातात दिला. स्टॅनने मोठा घोट घेतला. कपात पाहिलं. पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"विनीताई, यात चहा घालायचा राहिलाय का?"

विनिफ्रेडने टोपी काढली, झाकण काढलं. आत निवळशंख पाणी. तळाला गेलेला बारीक तडा स्वच्छ दिसत होता.

"पर्सी, चहादाणी गरम करायला पाणी ओतलंस?"

"अर्थात. आईने शिकवल्याप्रमाणे. काठोकाठ."

"ते ओतून टाकायचं असतं. मग पत्ती घालायची. माणशी एक चमचा आणि एक चहादाणीच्या नावाचा."

"टाकणारच होतो! तेवढ्यात खिडकीखाली बुटाचा संशयास्पद ठसा दिसला."

"माझाच," स्टॅन म्हणाला. "साहेब भिंग घेऊन गुडघ्यावर होते. हाक मारली, ऐकेनात. ओलांडून आत आलो."

"आणि मी येऊन टोपी घातली," विनिफ्रेड म्हणाली. "भरलेली दिसली म्हणून."

ती उठली, एप्रन नीट केला आणि सरळ दिवाणखान्यात गेली.

"लस्कमबाई, पाद्रीसाहेब, अर्धा तास मी तुम्हाला दूध घातलेलं गरम पाणी पाजलं. त्यात पत्तीच नव्हती."

पाद्रींनी डोळे मिटले. "देवाची कृपा! मला वाटलं माझी जीभ गेली."

"मला वाटलं, काहीतरी फार महागातला असणार," लस्कमबाई म्हणाल्या. "म्हटलं, आपल्याला कळत नाही हे दाखवायला नको."

"जागा तुम्ही गळवाल्याला द्या. माझा राग नाही."

"का म्हणून? तीन स्कोन खाल्ले मी, तेही असल्या पाण्याबरोबर. इतकं सोसून माणूस ज्या घरातून उठत नाही, तिथलं चहाघर चालणार नाही तर कुठलं चालेल? पहिल्या तारखेला किल्ली घेऊन जा. मात्र आता चहा टाका, बाई. घसा सुकलाय."

दारातून गिडली पुढे झाले. "एक प्रश्न. आपण जाम आधी का लावलात?"

"आमचे हे कॉर्नवॉलचे होते," लस्कमबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात एक वाद त्यांना जिंकू दिला. तो हा."

विनिफ्रेडने चहा केला, चमचा उभा राहील असा कडक. लस्कमबाईंनी दोन कप घेतले, पाद्रींनी तीन, आणि स्टॅन बूट काढून कोचावर बसला.

पाहुणे गेल्यावर बहीण-भाऊ कप विसळत होते. विनिफ्रेड गुणगुणत होती. मध्येच थांबली.

"पर्सी, तूही तेच पाणी प्यायलास?"

"दोन कप."

"आणि तुला काहीच कळलं नाही?"

"कळलं नाही म्हणजे? पहिल्याच घोटाला कळलं. अगदी पाणचट."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

गिडली दुखावले. "विनी, चहा करणाऱ्याला चारचौघांत नावं ठेवणं मला शोभलं असतं का?"

"चहा तूच केला होतास!"

पर्सिव्हल गिडली कोरडा झालेला कप बराच वेळ पुसत राहिले. तपासात हा धागा कुठेच लागला नव्हता.